खर्जासाठी वीस लिटर हवा

आमच्या डबल कॅब पिकअपच्या मागच्या सीटची पाठ आणि कॅबचा मागचा पत्रा यांच्यामध्ये वरच्या अंगाला १२ सेंटिमीटर आणि तळाशी १९ सेंटिमीटर जागा आहे. पाचरीसारख्या या जागेत सबवूफरची, म्हणजे फक्त खालचे स्वर वाजवणाऱ्या मोठ्या स्पीकरची, पेटी बसवायची, ती याच गाडीच्या मापाने बनवायची, आणि तिच्यामुळे सीटचे कुलूप, जॅक किंवा मागे बसणारा माणूस यांपैकी कशालाही अडचण होऊ द्यायची नाही, असे मी गेल्या हिवाळ्यात ठरवले. सुट्टीच्या दिवशीच हात लावता येत असल्यामुळे काम पुरे व्हायला जवळपास तीन महिने लागले. त्यातल्या कितीतरी गोष्टी मला आधी ठाऊक असत्या तर लाकूड आणि वेळ दोन्ही वाचले असते, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

गाडी मुळात शेतीसाठी घेतलेली आहे. काटोलकडे आमची संत्र्याची बाग आहे आणि मी हिंगण्याच्या एमआयडीसीत एका फॅब्रिकेशनच्या कारखान्यात नोकरी करतो, त्यामुळे आठवड्यातून एकदा तरी बाबांना घेऊन नागपूर ते काटोल असा साठेक किलोमीटरचा प्रवास होतो. बाबा आयुष्यभर भजनी मंडळात गात आले आहेत. त्यांची पट्टी काळी एक, म्हणजे हार्मोनियमच्या पहिल्या काळ्या कळीची, आहे आणि घरातला तंबोरा ते अजूनही स्वतःच जुळवतात. गाडीत ते शास्त्रीय गायनाची जुनी ध्वनिमुद्रणे लावतात. अशाच एका फेरीत आलाप सुरू असताना ते म्हणाले, "खर्ज वाजून राहिला, पण त्याले बूड नाही." हे वाक्य माझ्या डोक्यातून जाईना, कारण ते मोजून पाहिले तरी खरेच होते. काळी एकचा षड्ज सुमारे १३९ हर्ट्झचा असतो, तंबोऱ्याच्या जोडीच्या तारा त्याच स्वरात लागतात आणि खर्जाची तार त्याच्या बरोबर एक सप्तक खाली, म्हणजे ६९ हर्ट्झच्या आसपास लागते. दरवाज्यांत बसवलेल्या लहान स्पीकरांना हा स्वर पेलत नाही. दरवाजा ही काही बंद पेटी नव्हे. स्पीकरच्या मागच्या बाजूची हवा दरवाज्याच्या भोकांमधून पुढच्या बाजूच्या हवेला येऊन मिळते आणि खालचे स्वर एकमेकांना खाऊन टाकतात. त्यात नागपूरचे सिमेंटचे रस्ते. टायरची जी घरघर अशा रस्त्यावर कॅबमध्ये भरून राहते, तिचा मोठा भाग खालच्याच स्वरांचा असतो, आणि ध्वनिमुद्रणातला उरलासुरला खर्ज तिच्याखाली दबून जातो.

मला धमाका नको होता. सिग्नलवर शेजारच्या गाडीच्या काचा हादरवणारा बेस मला कधीच आवडलेला नाही. तंबोऱ्याच्या खर्जाला बूड मिळावे आणि डग्ग्याचा घुमारा जिथल्या तिथे ऐकू यावा, एवढीच अपेक्षा होती. पुढचे सगळे निर्णय याच अपेक्षेवर तपासून घेतले.

सुरुवातीला सगळे करतात तेच मीही केले. बारा इंची वूफर बसवलेली एक तयार पेटी आणली. ती सीटमागे कशीबशी शिरली, पण सीटची पाठ तिच्या कुलपात अडकेना. पाठ न अडकलेल्या सीटवर माणूस बसवणे धोक्याचे असल्याने ती पेटी त्याच दिवशी परत केली. परत करण्यापूर्वी ती कॅबमध्ये वाजवून मात्र पाहिली होती. कोणतेही गाणे लावा, खालचा प्रत्येक स्वर एकाच जागी येऊन फुगत होता. डग्ग्यावरची मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणारा नाद, खाली उतरताना ऐकूच येत नव्हती, नुसता एक दणका येत होता. त्याचे कारण शोधायला बसलो, आणि खरे शिक्षण तिथून सुरू झाले.

बंद पेटीतला सबवूफर म्हणजे स्प्रिंगला टांगलेले वजन आहे, असे समजल्यास सगळा विषय हाताशी येतो. शंकू, म्हणजे स्पीकरचा आतबाहेर हलणारा पडदा, आणि त्याची कॉइल हे वजन. शंकूला धरून ठेवणारी कड आणि आतली जाळी ही पहिली स्प्रिंग, आणि पेटीत कोंडलेली हवा ही दुसरी. शंकू आत गेला की हवा दाबली जाते आणि त्याला बाहेर ढकलते. बाहेर गेला की हवा विरळ होते आणि त्याला आत ओढते. पेटी जितकी लहान तितकी ही हवेची स्प्रिंग कडक. या स्प्रिंगलाच मुख्य काम देऊन लहान पेटीतून खालचे स्वर काढता येतात, हे अमेरिकेत एडगर विल्चर यांनी १९५४ मध्ये दाखवून दिले. पुढे ऑस्ट्रेलियात नेव्हिल थील यांनी १९६१ मध्ये आणि त्यांच्यामागून रिचर्ड स्मॉल यांनी १९७०च्या दशकात पेट्यांचे गणित असे पक्के बसवले की आज कोणत्याही चांगल्या वूफरच्या माहितीपत्रकावर थील आणि स्मॉल यांच्या नावाने ओळखले जाणारे आकडे छापलेले असतात. त्यांपैकी तीन आकडे बंद पेटीसाठी पुरतात. मोकळ्या हवेत वूफरचा स्वतःचा अनुनाद, म्हणजे ज्या स्वराला तो आपसूक सर्वांत जास्त हलतो तो, किती हर्ट्झवर आहे ते सांगणारा एफएस, तो अनुनाद किती आटोक्यात आहे हे सांगणारा क्यूटीएस, आणि वूफरच्या स्वतःच्या स्प्रिंगइतकी लवचिक हवा किती लिटर भरेल ते सांगणारा व्हीएएस.

बर्डीतल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांतून हिंडून मी जो दहा इंची उथळ वूफर निवडला, त्याचा एफएस ३४ हर्ट्झ, क्यूटीएस ०.५ आणि व्हीएएस २५ लिटर होता. आता २० लिटरची पेटी घेतली तर २५ भागिले २० म्हणजे १.२५, त्यात १ मिळवून २.२५, आणि त्याचे वर्गमूळ १.५. या दीडाने वरचे दोन्ही आकडे गुणायचे. अनुनाद ३४ वरून ५१ हर्ट्झवर चढतो आणि ०.५ चा आकडा ०.७५ होतो. हा दुसरा आकडा ०.७ च्या आसपास राहिला तर आवाज सपाट येतो, तो एकच्या वर गेला की अनुनादाजवळचे स्वर फुगून आवाजाला कुबड येते. परत केलेल्या पेटीत मोठा वूफर अगदीच थोड्या हवेत कोंबलेला होता आणि जो एकच दणका मला ऐकू येत होता, तो या कुबडाचाच होता. उलट, पेटी फार मोठी केली तर हवेची स्प्रिंग सैल पडते आणि जास्त ताकद दिल्यावर शंकू मर्यादेबाहेर धावू शकतो. म्हणून माझ्या वूफरला वीसेक लिटर हवा हवी, हे आधी ठरले, आणि पेटीचा आकार त्यानंतर शोधला. हा क्रम उलटा केला की तयार पेटीसारखीच फसगत होते.

नळीवाली, म्हणजे पोर्ट असलेली पेटी करावी का, याचाही विचार केला होता. तशी पेटी अनुनादाजवळ जास्त आवाज देते, पण तिला हवा जास्त लागते, नळीला वेगळी जागा लागते, आणि नळीच्या स्वराखाली गेल्यावर आवाज दर सप्तकाला २४ डेसिबलने कोसळतो, शिवाय तिथे शंकूला हवेचा आधारही उरत नाही. बंद पेटीचा उतार दर सप्तकाला १२ डेसिबलचा आणि सौम्य असतो. बागेच्या रस्त्यावरची धूळ नळीतून आत जाणार हेही होतेच.

या १२ डेसिबलच्या उताराशी पिकअपच्या कॅबचे जे नाते आहे, ते कळले तेव्हा मला मनापासून आनंद झाला. ४० हर्ट्झच्या ध्वनीची एक लहर साडेआठ मीटरहून लांब असते आणि कॅबची आतली लांबी जेमतेम दोन मीटर. एवढ्या लहान बंद जागेत इतकी लांब लहर उभीच राहू शकत नाही. वूफर कॅबमधली सगळी हवा एकदम दाबतो आणि सोडतो, सायकलच्या पंपासारखी. लहरीची अर्धी लांबी कॅबच्या लांबीएवढी होते तो स्वर आमच्या गाडीत ८६ हर्ट्झच्या आसपास येतो. त्याच्या खाली गेले की कॅब स्वतःच खालच्या स्वरांना उचलू लागते, आणि कॅब पूर्ण हवाबंद व कडक असती तर हा उचल दर सप्तकाला १२ डेसिबलचा झाला असता. प्रत्यक्षात दरवाजे आणि छप्पर हलतात, फटींमधून हवा निसटते, म्हणून तो बराच कमी मिळतो. तरीही बंद पेटीचा आवाज ज्या स्वरांवर उतरू लागतो त्याच स्वरांवर कॅब त्याला हात देते. मोठ्या एसयूव्हीत डिकीसकट सगळी जागा एक असल्यामुळे हा उचल आणखी खालून सुरू होतो. पिकअपला डिकी नाही, सामान मागच्या उघड्या हौद्यात जाते, आणि ज्या आखूड कॅबमुळे मला जागेची अडचण होती तिनेच आवाजाचे निम्मे काम केले.

आता मापे. संत्र्याच्या पेटाऱ्यांसाठी आणलेल्या खोक्यांचा जाड पुठ्ठा घरात पडलेला होता, त्याचेच साचे कापून मी सीटमागे घालून पाहिले. इथे एक गोष्ट आवर्जून सांगतो. सीट रिकामी असताना माप घेऊ नये. भावाला मागे बसवून, त्याला पाठ टेकून जोर द्यायला सांगून मी पुन्हा मापले, तेव्हा पाठीचा मधला भाग किती मागे येतो ते कळले. वूफरचे तोंड सीटकडे ठेवायचे होते आणि दणका बसताना शंकू बाहेर येतो, म्हणून त्याच्यापुढे ३ सेंटिमीटर मोकळी जागा सोडली. राहिले वर ९ आणि खाली १६ सेंटिमीटर. उंची ३६, लांबी ७६, आणि उरलेल्या लांबीत जॅक, पान्हे आणि हवेचा लहान पंप पूर्वीच्याच जागी. १८ मिलिमीटरची फळी वजा केल्यावर आतली लांबी ७२.४, उंची ३२.४ आणि सरासरी खोली ८.९ सेंटिमीटर, म्हणजे २०.९ लिटर. त्यातून वूफरच्या स्वतःच्या देहाचे सुमारे ०.८ आणि आतल्या दोन आधारपट्ट्यांचे ०.५ लिटर गेले आणि १९.६ लिटर हवा हाती राहिली. वूफरची खोली ८.३ सेंटिमीटर होती, त्यामुळे चुंबकाच्या मागेही दोन सेंटिमीटरहून जास्त मोकळीक मिळाली. चुंबकामागे हवेला फिरायला वाट नसेल तर कॉइल तापते.

लाकडाचे काम मला येत नाही. लोखंडात अर्धा मिलिमीटर चुकले तर मला लगेच दिसते, पण लाकूड कसे वागते याचा अंदाज नव्हता. नागपूरच्या महाल भागातल्या आमच्या जुन्या घराची दारे ज्यांनी केली त्या सुतारकाकांकडे गेलो. त्यांनी कागदावरचा आराखडा बराच वेळ पाहिला आणि पहिला प्रश्न विचारला, "भाऊ, पावसाळ्यात गाडीत पाणी येते काय?" येते. बागेतून येताना बुटांचा चिखल आणि ओल्या पोत्यांचे पाणी मागच्या मॅटवर साचतेच. त्या एका उत्तराने एमडीएफचा, म्हणजे लाकडाचे तंतू दाबून केलेल्या फळीचा, विचार संपला. एमडीएफ घट्ट आणि एकसारखे असते, त्याला भोक सुबक पडते, म्हणून स्पीकर बनवणारे ते पसंत करतात, हे खरे आहे. पण कडेतून पाणी प्यायले की ते फुगते आणि पुन्हा पूर्ववत होत नाही. आम्ही लकडगंजला जाऊन आयएस ७१० या भारतीय मानकाचा छाप असलेला १८ मिलिमीटरचा मरीन प्लाय आणला. त्याच्या थरांमधला फिनॉलिक गोंद उकळत्या पाण्याच्या कसोटीला उतरलेला असतो. प्लायची कड पाहूनच घ्यावी, कारण थरांमध्ये पोकळी राहिलेली असेल तर पेटी त्या जागी गुणगुणते. काकांनी चार फळ्या बाजूला सारून पाचवी घेतली.

आणि तरीही पहिली चूक माझ्याच आराखड्यात निघाली. पुढची फळी तिरपी आहे. उंची ३६ असली तरी तिरप्या बाजूची लांबी ३६ नसते. तळ आणि माथा यांच्यात ७ सेंटिमीटरचा फरक असल्यामुळे ती ३६.७ होते. शाळेत शिकलेला पायथागोरस मी वहीवर वापरला आणि कापणीच्या यादीत मात्र ३६ लिहून दिले. गोंद लावण्यापूर्वी फळ्या नुसत्या जुळवून पाहताना वरच्या कडेला सात मिलिमीटरची फट उघडी पडली. काका म्हणाले, "तिरप्या फळीले सरळ माप लावलं तुम्ही." त्यांच्या स्वरात दोष देणे नव्हते, त्यांनी दुसरी फळी काढायला घेतलीही होती. तिच्या वरच्या आणि खालच्या कडांना ११ अंशांचा उतार त्यांनी रंध्याने दिला, आणि तो कोन कागदावरून न घेता माझ्या पुठ्ठ्याच्या साच्यावर पट्टी ठेवून घेतला.

जोडणीत पाण्याला टिकणारा फेविकॉल भरपूर लावून, दर १५ सेंटिमीटरवर आधी बारीक भोक पाडून स्क्रू मारले आणि पेटी पूर्ण एक दिवस शिकंज्यात ठेवली. स्क्रू फक्त गोंद वाळेपर्यंत धरून ठेवण्यासाठी असतात, खरी ताकद गोंदाची, असे काकांचे म्हणणे. आतल्या सगळ्या कोपऱ्यांना सिलिकॉनची धार दिली. हे सिलिकॉन वाळताना आंबट वास सोडते आणि ती वाफ वूफरच्या कडेला आणि तिथल्या गोंदाला चांगली नाही, म्हणून दोन दिवस पेटी उघडीच ठेवून मग वूफर बसवला. वूफरच्या भोकाच्या आत टी-नट, म्हणजे लाकडात रुतून बसणारे आट्यांचे नट, ठोकले आणि त्यांत बसणारे स्क्रू वापरले, कारण प्लायमध्ये थेट मारलेले स्क्रू दोनतीनदा काढले-घातले की सैल होतात, आणि मला वूफर निदान चार वेळा काढावा लागला.

पेटी हवाबंद झाली की नाही ते तपासायचे दोन उपाय आहेत. शंकू दोन्ही हातांच्या बोटांनी मध्याभोवती सारखा हलकेच दाबून सोडायचा. तो सावकाश परतला तर हवा धरून ठेवली आहे. आमचा झटकन परतला. मग ३० हर्ट्झचा सूर अगदी हळू लावून काकांच्या देवघरातली उदबत्ती एकेका सांध्याजवळून फिरवली. धूर सगळीकडे सरळ वर चढत होता, तार जोडायच्या टर्मिनलजवळ मात्र तो थरथरू लागला. तिथे फोमची पट्टी लावून स्क्रू पुन्हा आवळले. यंत्राच्या साहाय्याने असा शोध लावता आला असता, पण इतक्या सहज आणि इतक्या स्पष्टपणे नाही.

पेटीत कापूस भरायचा हे ऐकून काका आनंदाने म्हणाले की मग आपल्या विदर्भाचाच कापूस भरू, घरचा आहे. मलाही ते आवडले असते. पण खरा कापूस ओलावा धरतो आणि हादऱ्यांनी खाली बसून त्याचा गठ्ठा होतो, म्हणून उशांमध्ये भरतात तो पॉलिस्टरचा कापूस सुमारे पाव किलो घेतला. त्याचे काम गमतीचे आहे. हवा दाबली की ती थोडी तापते आणि तापल्यामुळे आणखी कडक होते. मध्ये तंतू असले की ते ती उष्णता शोषून घेतात, हवा मऊ राहते आणि वूफरला पेटी आहे त्यापेक्षा मोठी वाटते. व्यवहारात दहावीस टक्क्यांचा लाभ धरावा. माझी १९.६ लिटरची पेटी २२ लिटरच्या आसपास झाली असे धरले तर ०.७५ चा आकडा ०.७३ वर येतो आणि अनुनाद ५० हर्ट्झच्या जवळ. चुंबकाच्या मागचे छिद्र मात्र कापसाने झाकू नये.

विजेचे काम मी स्वतः केले. ॲम्प्लिफायर २०० वॅटचा, क्लास डी प्रकारचा आहे. त्याची कार्यक्षमता ८० टक्के धरली आणि इंजिन चालू असताना गाडीचे व्होल्टेज १३.८ धरले तर पूर्ण ताकदीला १८ अँपिअरच्या आसपास प्रवाह लागतो. बॅटरीपासून पाच मीटर, ८ चौरस मिलिमीटरची शुद्ध तांब्याची तार घेतली. एवढ्या लांबीत ०.२ व्होल्टहून कमी गळती होते. बाजारात तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनिअमची तारही तशाच लाल वेष्टनात मिळते, तिचे टोक कापून चाकूने खरवडले की आतला पांढरा धातू दिसतो. ती तार घ्यायचीच असेल तर जाडी वाढवून घ्यावी लागते. ३० अँपिअरचा फ्यूज बॅटरीपासून हातभर अंतराच्या आत बसवला. हा फ्यूज ॲम्प्लिफायरच्या रक्षणासाठी नसतो. बॅटरीपासून फ्यूजपर्यंतची तार कुठे घासून पत्र्याला लागली तर तिला थांबवणारे काहीच नसते आणि गाडी पेट घेऊ शकते, म्हणून तो तुकडा शक्य तितका आखूड ठेवायचा. इंजिनाकडून कॅबमध्ये तार आणताना पत्र्याच्या भोकात रबराचा ग्रोमेट घातलाच पाहिजे. अर्थिंगसाठी पत्र्यावरचा रंग खरवडून वेगळा बोल्ट लावला. सीटबेल्टचा बोल्ट आयता समोर दिसतो आणि पुष्कळजण तोच वापरतात, पण ज्या बोल्टवर माणसाचा जीव टांगलेला असतो त्याला कशासाठीही हात लावू नये. संगीताची तार गाडीच्या उजव्या अंगाने आणि विजेची डाव्या अंगाने नेली, त्यामुळे इंजिनाची शीळ स्पीकरात उतरली नाही.

पेटी वूफरसकट तेरा-चौदा किलोची झाली आहे. एवढे वजन सीटमागे सुटे ठेवणे मला मान्य नव्हते. लोखंडी कोनपट्ट्या मी कारखान्यात वाकवून घेतल्या आणि तळाशी चार बोल्टांनी पेटी जखडली. भोके पाडण्यापूर्वी गाडीखाली झोपून डिझेलची टाकी, ब्रेकची नळी आणि तारांचे जुडगे कुठून जातात ते खडूने खूण करून घेतले.

वूफरला चार-चार ओमच्या दोन कॉइल आहेत, त्या समांतर जोडल्यावर दोन ओम होतात. दोन ओमवर २०० वॅट म्हणजे २० व्होल्ट, कारण २०० गुणिले २ म्हणजे ४०० आणि त्याचे वर्गमूळ २०. वूफरची तार काढून ठेवली, ५० हर्ट्झचा सूर लावला, स्टिरिओचा आवाज तीन चतुर्थांशावर नेला, आणि मल्टिमीटरवर २० व्होल्ट दिसेपर्यंत ॲम्प्लिफायरचा गेन, म्हणजे आलेला आवाज किती वाढवायचा ते ठरवणारा खटका, हळूहळू चढवून तिथेच सोडला. सबवूफरला ८० हर्ट्झच्या खालचे आणि दरवाज्यांतल्या स्पीकरांना त्याच्या वरचे काम वाटून दिले. इतक्या खालचा आवाज कुठून येतो ते कानाला ओळखता येत नाही, म्हणून पेटी पाठीमागे असूनही तंबोरा समोरच वाजतो. शेवटी वूफरच्या तारांची दिशा उलटी करून पाहिली. ज्या जोडणीत ८० हर्ट्झचा सूर जास्त भरीव वाटला ती कायम केली.

एवढे होऊनही पहिल्या संध्याकाळी जे ऐकू आले ती होती खडखड. पेटीतून नव्हे, गाडीतून. २० पासून १२० हर्ट्झपर्यंत सावकाश चढत जाणारा सूर लावून, मी पुढे आणि भाऊ मागे, असे आम्ही तीन रविवार एकेक आवाज पकडत बसलो. जॅकचा दांडा एका स्वरावर किणकिणायचा, त्याला सायकलच्या ट्यूबचा तुकडा गुंडाळला. सीटच्या कुलपाची कडी दुसऱ्या स्वरावर, तिला नमद्याची पट्टी लावली. छपराच्या दिव्याचे झाकण, सीटबेल्टची बकल, मागची नंबरप्लेट असे एकामागून एक सापडत गेले. सर्वांत मोठा आवाज कॅबच्या मागच्या पत्र्याचाच होता. पेटीला लागून असलेला तो मोठा सपाट पत्रा डफासारखा थरारत होता. त्यावर ब्यूटाइल रबराच्या जड चादरी रोलरने दाबून चिकटवल्या आणि तो शांत झाला. त्याचा आणखी एक लाभ असा झाला की रस्त्याची घरघरही कमी झाली. हे काम पेटी बसवण्यापूर्वी करायला हवे होते, कारण त्यासाठी सगळे पुन्हा खोलावे लागले.

बाबांना मी आधी काहीच सांगितले नव्हते. काटोल नाका ओलांडल्यावर त्यांनी नेहमीचे ध्वनिमुद्रण लावले. सुरुवातीला नुसता तंबोरा वाजत असतो. त्यांनी बोलणे थांबवले आणि काच वर केली. बऱ्याच वेळाने म्हणाले, "पंचम थोडा उतरला आहे त्यांचा." खर्ज नीट ऐकू येऊ लागल्याशिवाय पंचम उतरल्याचे कळत नाही, हे मी त्यांच्याच तोंडून लहानपणी ऐकले होते. पुढे त्यांनी आवाज दोन अंशांनी कमी करायला सांगितला, कारण तेवढ्यातही सगळे ऐकू येत होते.

मे महिन्यात एक अडचण आली. नागपूरचा उन्हाळा काय असतो ते इथल्यांना सांगायला नको. २३ मे २०१३ रोजी इथे ४७.९ अंश तापमान नोंदले गेले होते, आणि उन्हात बंद उभी असलेली गाडी आत बाहेरच्यापेक्षा कितीतरी जास्त तापते. दुपारी दोनला गाडी सुरू केली की पंधरा मिनिटांनी ॲम्प्लिफायर स्वतःहून बंद पडायचा. तो पुढच्या सीटखाली थेट कार्पेटवर ठेवलेला होता, खालून हवा मिळत नव्हती. दोन सेंटिमीटरच्या चार गुट्ट्यांवर त्याला उचलला, एसीचा मागे येणारा झोत त्याच्यावर येईल असे तोंड फिरवले, आणि त्यानंतर तो बंद पडला नाही. पेटीवरचे काळे कार्पेट एका कोपऱ्यात सुटले होते, ते उष्णता सोसणाऱ्या गोंदाने पुन्हा चिकटवले.

जुलैच्या मध्यावर, चार दिवस संततधार पडून गेल्यावर, मी सीटची पाठ पाडून पेटी तपासली. मॅटखाली पाणी होते, पण पेटी रबराच्या पायांवर बोटभर उंच असल्यामुळे तिचा तळ कोरडा होता आणि कडांना दिलेले पॉलिश तसेच होते. तळाच्या चार बोल्टांपैकी उजव्या अंगाचा मागचा बोल्ट पाव फेरा सैल झालेला आढळला. त्याखाली स्प्रिंग वॉशर घालून तो आवळला आणि सीट लावून टाकली.